कुडाच्या भिंतीचा शेवटचा हात

लेओकादियो, माझा नवरा, गेला तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. मक्यात खुरपणी करता करता खाली बसला, तो उठलाच नाही. त्याची आई एदुविहेस म्हणाली, उन्हानं गेला. मीही तेच धरून चालले. आमच्या हुतियापातलं ऊन माणसाला खातं, यात कुणाला नवल वाटत नाही.

दोन वर्षांनी शाळेत मुलांचं रक्त तपासलं. माझ्या असुसेनाच्या रक्तात दोष निघाला. नऊ वर्षांची पोर, दिसायला धडधाकट. आरोग्य केंद्रातला एबेर्तो घरी आला. सासूच्या खाटेमागच्या भिंतीवर त्यानं विजेरी मारली आणि भेगेत चिमटा घातला. कडेला नारिंगी पट्टे असलेला एक तपकिरी किडा बाहेर आला. मग दुसरा. तासाभरात बरणीत सतरा किडे झाले.

"हा तर चोचीचा ढेकूण," सासू म्हणाली. "मी लहान होते तेव्हापासून बघतेय. चावतो, खाजतं, संपलं."

"खाज संपते, एदुविहेसबाई. रोग आत राहतो. वीस-वीस वर्षं गप्प बसतो आणि मग एखाद्याचं काळीज पोखरतो."

लेओकादियोचं नाव कुणी घेतलं नाही. सासू बरणीकडे बघत राहिली.

"मग फवारणी करा," मी म्हणाले.

"याआधी दोनदा केली ना?" एबेर्तोनं विचारलं.

"केली. चार-सहा महिन्यांत परत आले."

"येणारच. भेगा तशाच, त्यांचं जेवण तसंच." एबेर्तोनं खाली वाकून खाटेखाली बोट दाखवलं. तिथे टोपलीत सासूची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. शेजारी आणखी दोन. बाहेर ठेवल्या की कोल्हा नेतो, म्हणून सासू कोंबड्या कायम खाटेखालीच बसवायची. "भिंती लिंपून गुळगुळीत करा आणि यांना बाहेर काढा. फवाऱ्याची गरज पडणार नाही."

"कोंबडीला होतो का हा रोग?" सासूनं विचारलं.

"नाही होत."

"मग तिचा काय गुन्हा?"

"गुन्हा नाही हो. पण तिच्या रक्तावर ते वाढतात. वाढले की तुमच्याकडे येतात."

मी कोंबड्या बाहेर नेल्या. संध्याकाळी सासूनं त्या पुन्हा खाटेखाली आणल्या. दुसऱ्या दिवशी नेल्या, पुन्हा आत. असं चार दिवस चाललं. तेवढ्यात असुसेनाच्या गोळ्या सुरू झाल्या. पोरीच्या अंगावर पुरळ आलं, तोंडाची चव गेली, घेवड्याच्या आमटीचा वाससुद्धा तिला सोसेना. पाचव्या दिवशी तिला थोपटत बसले होते आणि पलीकडच्या खाटेखालून कोंबडीचा गुरगुराट ऐकू आला. मी उठले.

"तुमच्या कोंबड्यांनी तुमचा मुलगा खाल्ला," मी म्हणाले. "आता नात द्यायचीय का त्यांना?"

सासूनं खाटेखाली हात घातला. अंडी एप्रनच्या ओच्यात भरली, तिन्ही कोंबड्या काखेत घेतल्या आणि बाहेर गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. त्यानंतर माझ्याशी बोलणंही बंद. दोघी एकाच चुलीवर मक्याच्या तोर्तिया भाजायचो, तीही माझ्या हातची घ्यायची, मीही तिच्या हातची. पण तोंडातून अक्षर नाही. माफी मागावी असं मला रोज वाटायचं, आणि पोरीच्या अंगावरचं पुरळ बघितलं की वाटेनासं व्हायचं.

एबेर्तोनं गावातल्या बायकांना गिलावा शिकवला होता: माती, डोंगरातली ज्वालामुखीची पांढरी राख, थोडा चुना. मी एकटीनं अख्खी भिंत लिंपली. तीन दिवसांत ती आटलेल्या तळ्यासारखी तडकली. आधी होत्या त्याहून जास्त भेगा. मी दारात बसून रडले.

"माती कुठली घेतलीस?"

मी वर बघितलं. अकरा दिवसांनी सासू बोलली होती.

"ओढ्याकाठची."

"ती चिकट. सुकताना आवळते आणि फाटते. सेबाच्या झाडामागची आण, तिच्यात वाळू आहे. राख चाळून घे. आणि लगेच थापू नकोस. आठ दिवस भिजत ठेव, मुरू दे."

आठ दिवसांनी तिनं घागरा खोचला आणि चिखलात उतरली. सत्तरीची बाई, पण पाय असे पडत होते की चिखलच तिच्या तालावर हलत होता. तुडवता तुडवता, माझ्याकडे न बघता, ती बोलायला लागली.

"या भिंती मीच घातल्या. कूड त्याच्या बापानं बांधला, लिंपण माझं. लेओकादियो पोटात होता. दिवस भरत आले होते, म्हणून भेगा बुजवणारा शेवटचा हात फिरवायचा राहिला. म्हटलं, बाळंतपण झालं की करू." तिनं पाय उचलून पुन्हा चिखलात रोवला. "कोंबड्यांचं तू बोललीस. भिंतीचं तुला ठाऊक नव्हतं."

"आई, तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं म्हणून तो परत येतो का?"

मी चपला काढल्या आणि तिच्या शेजारी चिखलात उतरले.

तो गिलावा टिकला. वरून चुन्याचे दोन हात दिले. घरापासून वीस पावलांवर खांबांवर खुराडं बांधलं, चारी बाजूंनी जाळी, म्हणजे कोल्ह्याचं भय नको. वर्षानं एबेर्तो आला आणि दोन तास भिंती, खाटा, छपराचे वासे धुंडाळत राहिला. घरात एकही ढेकूण मिळाला नाही. खुराड्यात तीन बारके सापडले. ते खुराडं आम्ही आता महिन्यातून एकदा रिकामं करून उकळत्या पाण्यानं धुतो.

असुसेनाच्या गोळ्या पुऱ्या झाल्या. रक्त अजून काही वर्षं तपासत राहावं लागेल. पोरवय आहे, आशा चांगली आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. सासूच्याही रक्तात रोग निघाला. तिच्या वयाला त्या गोळ्या देत नाहीत. "इतकी वर्षं बसलाय माझ्यात, बसू दे," एवढंच ती म्हणाली आणि अंडी गोळा करायला गेली.

आता एबेर्तो शेजारच्या वस्त्यांवर शिकवायला जातो तेव्हा तिला सोबत नेतो. तो बोलतो खूप. बायका वाट बघतात ती माझ्या सासूची. ती मूठभर माती घेते, थुंकी लावून तळहातावर वळी वळते, वाकवून बघते आणि सांगते, चालेल किंवा नाही.

एकदा मक्याची कणसं सोलताना मी धीर केला. "त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं."

"खरं होतं ते."

"खरं असलं तरी."

तिनं हातातलं कणीस पुरं सोललं. मग म्हणाली, "उद्या वरच्या वस्तीवर दोन घरं लिंपायची आहेत. तूही चल. माझे गुडघे आता एकटीनं चिखल तुडवू देत नाहीत."

मी गेले.