गुरगुरणारी बेस

पिंगळीचा भुजंग लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. तिचा आवाज कुणाला ऐकूच जात नसे, आणि त्याचा दोष तो जुन्या गिटारीला देई. त्याला गुरगुरणारी गिटार हवी होती, तीही स्वस्तात. सहा महिने त्याने मोबाइलवर गिटारींचे व्हिडिओ पाहिले, पण सराव मात्र एक दिवसही केला नाही.

शेवटी ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या राजेश्रीला घेऊन तो परभणीच्या दुकानात गेला. चार गिटारी त्याने कुरवाळल्यासारख्या वाजवल्या आणि बाजूला ठेवल्या.

"एकीतबी दम न्हाई," तो म्हणाला.

राजेश्रीने त्यातलीच सगळ्यात स्वस्त गिटार उचलली आणि तारेवर सणसणीत फटका मारला. काउंटरची काच थरथरली.

भुजंगने घाईघाईने ती हातात घेतली. गिटार पुन्हा म्याव करू लागली.

"तुमी तारंची परवानगी मागून वाजवायलाव, भुजंगभाऊ," राजेश्री म्हणाली.

दुकानदार त्याच गिटारीची पावती फाडता फाडता खाली मान घालून हसला.

आता राजेश्री गाते आणि बेसही वाजवते. भुजंगला खुळखुळा दिलाय. त्याच्या मते तो हलक्या कंपनीचा आहे.