सुदर्शनची मिशी

"कोण गेलं? आई का बाबा?" दारातल्या सुदर्शनचं साफ उतरवलेलं डोकं आणि मिशी बघून आनंदराज कॉटवरूनच ओरडला.

"कुणीबी न्हाई रे. तुझ्यासाठीच उतरवली."

"माझ्यासाठी? म्हंजे मी गेलो व्हय?"

आणि त्याने जेवणाचा स्टीलचा डबा थोरल्या भावाच्या कपाळावर हाणला. वरण भिंतीभर उडालं. सुदर्शनच्या भुवईवरून रक्त ओघळलं.

आमच्या अहमदपूरकडे डोकं आणि मिशी एकदम उतरते ती घरात मयत झाल्यावरच. शेंबड्या पोरालाही कळतं हे, पण आमच्या या दीडशहाण्या सुदर्शनला नाही! लातूरच्या या दवाखान्यातल्या समुपदेशक बाई आनंदराजबद्दल मला, त्याच्या बहिणीला, म्हणाल्या होत्या, "याला एकटं वाटू देऊ नका." चोवीस वर्षांचा पोरगा, दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचा, पुढची केमो घेणार नाही म्हणायचा. बाईंचं बोलणं मी फोनवर सुदर्शनला सांगितलं. याने मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला, त्यात पेशंटसाठी सगळ्या घराने टक्कल केलेलं. झालं! बसला न्हाव्यापुढे.

आनंदराजने सलाईनचा स्टँड उचलला. सुई उपटली, चादर लाल झाली. एक घाव सुदर्शनच्या खांद्यावर, दुसरा बरगडीत. मग नुसत्या बुक्क्या. ज्वारीचं पोतं एका दमात उचलणारा माझा भाऊ हात खाली सोडून मार खात राहिला.

"मुडद्या, सोड त्याला!" मी किंचाळले आणि माझीच जीभ चावली. असं कुणाला म्हणून बसले मी!

आनंदराजच्या हातातलं बळ सरलं. तो सुदर्शनच्या छातीवर कोसळला आणि धापा टाकत राहिला.

"आईनं बघितलं का तुला असं?"

"न्हाई. हितंच केलं, एसटी स्टँडसमोर."

"असा गावात उतरला असतास, तर आई जागीच गेली असती, येड्या."

केस गेल्यापासून डोक्याचा रुमाल आनंदराजने माझ्यासमोरही कधी काढला नव्हता, झोपतानासुद्धा नाही. तो आता त्याने सोडला. सगळा वॉर्ड बघत होता. त्याने तो सुदर्शनच्या डोक्याला, कपाळावरची खोक झाकेल असा, करकचून बांधला.

"मिशी येईस्तोर गावाकडं जायचं न्हाई. माझ्यापाशीच ऱ्हायचं."

"हाव," सुदर्शन म्हणाला आणि हमसून रडला.

सिस्टर नवी सुई घेऊन आल्या. आनंदराजने उघड्या डोक्यानेच दुसरा हात पुढे केला.