रुखवतातला कोआला

नानांना ती गोष्ट सांगायची भारी हौस. दिवाळीला पाहुणे जमले, फराळाची ताटं पुढे आली, की चकली मोडत ते सुरू करायचे, "आमच्या इंदिरेनं रुखवतात काय मांडलं होतं, ठाऊक आहे का?" आणि इंदिरा, त्यांच्या धाकट्या भावाची बायको, आत कढईपुढे उभी राहून दातओठ खायची.

गोष्ट तिच्या लग्नातली, एकाहत्तर सालची. पंचवटीतल्या कार्यालयात लग्न. मुलगी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, शिवाय हातात कला. रुखवताच्या टेबलावर सगळ्यांचं असतं ते होतंच. साखरेचा बंगला, करंज्यांची रास, मण्यांची तुळस. पण मधोमध तिनं स्वतः शिवलेला करड्या लोकरीचा कोआला बसवला होता. पोटाला पिशवी, पिशवीचं तोंड खालच्या अंगाला आणि त्यातून डोकावणारं पिल्लू.

नाना वरपक्षाकडून रुखवत बघायला आले. एका शाळेचे हेडमास्तर. जगातलं सगळं आपल्याला कळतं, ही त्यांची पक्की समजूत. कोआला हातात धरून ते खदाखदा हसले. "अहो, अस्वलाला पिशवी! तीही उलटी! पोर पडायचं की खाली!" सगळा मांडव हसला.

नवऱ्या मुलीनं अशा वेळी मान खाली घालून बसायचं असतं. इंदिरा नाही बसली. मुंडावळ्या बाजूला सारत म्हणाली, "नाना, ते अस्वल नाहीच. कांगारूच्या गोतातलं आहे ते."

झालं! नव्या सुनेनं भर मांडवात थोरल्या दिराला उलट उत्तर दिलं. बैठकीत ठरलं होतं, की लग्नानंतर इंदिरा मुलींच्या शाळेत शिकवेल. शाळा जूनपासून तिला घेणारही होती. हळदीचा रंग उतरायच्या आत नाना त्या शाळेत जाऊन परस्पर नकार कळवून आले. "जिला अस्वल ओळखता येत नाही, ती पोरींना काय शिकवणार? कपाळ!" तिचा नवरा चिंतामण थोरल्या भावापुढे भिजलेलं मांजर. त्यानं हूं की चूं केलं नाही. नोकरी गेली ती गेलीच, वर घरादाराची ती 'कांगारू काकू' झाली.

तिनं कोआला फेकला नाही. डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवला. उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळत घातले, की शेजारी त्यालाही ऊन दाखवायची आणि म्हणायची, "येईल रे बाबा, आपलीही वेळ येईल."

वेळ आली पंच्याऐंशी साली. नानांच्या लतिकाचं लग्न ठरलं. व्याही दिंडोरीचे, गुरांचे डॉक्टर. हे ऐकलं तेव्हा इंदिरेच्या हातून दूध उतू गेलं. साखरपुड्यात चहा देताना तिनं डॉक्टरांना सहज विचारावं तसं विचारलं, "कोआला कुठल्या कुळातला हो?" उत्तर ऐकलं आणि गालातल्या गालात हसत आत गेली.

लतिकाचं रुखवत मांडायचं काम अर्थातच काकूवर आलं. लग्नाच्या दिवशी टेबलाच्या मधोमध कोण? तोच!

नाना दचकले. "हे धूड अजून जिवंत आहे?"

"असू द्या हो," इंदिरा मधाळ आवाजात म्हणाली. "व्याहीमंडळींना त्याची गंमत सांगा ना. तुमच्यासारखी कोणाला जमत नाही."

नाना फुगले. डॉक्टरांना, त्यांच्या भावांना, विहीणबाईंना गोळा करून त्यांनी साग्रसंगीत गोष्ट सांगितली. अस्वल, पिशवी, उलटी पिशवी, नवरीचं उत्तर, काही म्हणता काही सोडलं नाही. आणि हशाची वाट बघत थांबले.

डॉक्टर हसलेच नाहीत. चष्मा लावून त्यांनी कोआला निरखला. "चूक कुठे आहे यात? कोआला अस्वल नव्हेच. पोटपिशवीत पोर वाढवणारी जात ती. आणि पिशवीचं तोंड खालीच असतं त्याचं."

"अहो, इंग्रजीत कोआला बेअर म्हणतात!" नानांचा आवाज चढला. "पुस्तकात छापलंय!"

"दिसला अस्वलासारखा, ठेवलं नाव. पाणघोड्याला टांग्याला जुंपाल का, हेडमास्तर?"

आता मात्र मांडव हसला. विहीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या, आचारी हसले, खुद्द लतिका मुंडावळ्यांआडून फिसकन हसली. नानांचं तोंड काळं ठिक्कर पडलं. इंदिरेनं त्या तोंडाकडे अगदी पोटभर पाहून घेतलं. खोटं कशाला बोला, पंगतीतल्या जिलबीपेक्षा तिला ते गोड लागलं.

पाठवणी झाल्यावर नानांनी तिला गाठलं. "मुद्दाम केलंस. माझ्या पोरीच्या लग्नात."

"मुद्दामच. माझ्याही लग्नातच झालं होतं."

"झालं ना समाधान? कर जा नोकरी. मी अडवत नाही."

"नोकरीचं वय उलटलं, नाना," ती म्हणाली. "ते कुठून आणून देता?" नाना तिथेच उपरणं चाचपत उभे राहिले.

आश्विनात लतिकाचा दिवाळसण आला. जावई, डॉक्टर, विहीणबाई, सगळे फराळाला बसले. नाना मुकाट्यानं चिवडा खात होते. तेवढ्यात नानांची धाकटी लेक ओरडली, "नाना, कांगारू काकूची गोष्ट सांगा ना!"

नानांना जोराचा ठसका लागला. ताट सारून ते उठायला लागले.

इंदिरा पदराला हात पुशीत बाहेर आली. आजवर दिवाळीत ती कधी बाहेर बसली नव्हती. आज चौरंग ओढून थेट नानांच्या समोर बसली आणि ताटातली चकली उचलून कडाकड मोडली.

"आजपासून दर दिवाळीला मी सांगणार," ती म्हणाली. "बसा नाना, उठू नका. गोष्ट आता तुमची आहे."