गोवंडीच्या भरलेल्या खुर्च्या

नंदाताईंचा फोन आला तेव्हा मनालीच्या हातातला चहा वाफाळत होता. फोन संपला तेव्हा त्यावर साय धरली होती.

"तुझ्या त्या चित्रात माझी माणसं कुठे गेली गं?" नंदाताईंनी सुरुवातच अशी केली. त्या गोवंडीच्या डायलिसिस सेंटरच्या इन्चार्ज. मनाली अंधेरीच्या मुख्य ऑफिसात अनिरुद्ध सरांच्या हाताखाली सगळ्या सेंटरांचे रिपोर्ट बनवायची. "अनिरुद्ध सरांचा मेल आलाय. म्हणे गोवंडीच्या खुर्च्या रिकाम्या, मशीनं मुलुंडला हलवा. टेम्पोसुद्धा निघालाय! मी म्हटलं, सर, इथे पाय ठेवायला जागा नाही. तर म्हणतात, रिपोर्टमध्ये तसं दिसत नाही. रिपोर्ट कोण करतं? तू!"

"ताई, मी बघते..."

"काय बघतेस? माझी आई जात्यावर म्हणायची,
लेकी मोजते मी बाई, आंब्याच्या गं सावलीला
मागं बसली धाकुली, न्हाई आली मोजणीला.
तिला निदान मोजता येत नव्हतं. तुम्ही तर शिकलेले ना? माझा पेशंट भीमराजकाका गोवंडीहून मुलुंडला जाईल कसा? रिक्षात बसला की ओकतो तो. डायलिसिसची एक पाळी चुकली तर छातीत पाणी भरेल. मग दाखव त्याला तुझ्या चित्रात."

फोन बंद.

मनालीने रिपोर्ट उघडला. आलेखात मुलुंडचा खांब उंच, हिरवागार. गोवंडीचा खांब उंबऱ्याएवढा. देखणं चित्र होतं, आणि धादांत खोटं. तिने खालचे आकडे उपसले. सगळ्यात शेवटची नोंद खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची निघाली. गोवंडीचं सेंटर तेव्हा नुकतंच उघडलं होतं. आणि आता खाली रस्त्यावर दिवाळीचे कंदील विकायला लागले होते.

चित्रावर तारखेची एक ओळ असायची. 'माहिती अमुक दिवसापर्यंतची.' ती ओळ अनिरुद्ध सरांनी काढायला लावली होती. "डिझाइन खराब दिसतं गं."

मनालीचे कान तापले.

सेंटरांची माहिती रोज क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये जमा होत होती, मुंगीने दाणा दाणा वारुळात न्यावा तशी. तिथे काहीच हरवलं नव्हतं. पण त्या डेटाबेसचं दार बाहेरच्या कुणाला उघडत नसे. ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर तेवढा आत जाऊ शकायचा. तो आकडे आणायचा आणि रिपोर्टच्या ओंजळीत टाकायचा. गेटवे म्हणायचे त्याला. मनालीने किती वेळा सांगितलं होतं, एवढं सगळं एका खोक्यावर टांगू नका, कायम चालू राहील असं काहीतरी घ्या. "चाललंय ना? मग?" हे सरांचं उत्तर. तो बंद पडला की सूचना जायची तो सांभाळणाऱ्या निहारच्या मेलवर, आणि निहार पावसाळ्याआधीच नोकरी सोडून गेला होता. "नाव बदलू गं, सावकाश," हेही सरांचंच.

ती स्टोअररूमकडे धावली. जुन्या खुर्च्यांमागे तो खोका बसला होता. कपाळाला हळदकुंकू, गळ्यात झेंडूची वाळून काळी पडलेली माळ, डोक्यावर आपट्याचं पान. आणि बटण बंद.

"सुयोग!"

ऑफिसचं सगळं बघणारा सुयोग धावत आला. "काय झालं गं?"

"हे कोणी बंद केलं?"

"मीच. खंडेनवमीला हत्यारांची पूजा नाही का केली? पूजेला यंत्रं बंद ठेवतात ना. विश्रांती."

"आणि दसऱ्यानंतर?"

"ज्याने त्याने आपापलं चालू केलं. हे कोणाचं तेच माहीत नाही यार. पूजेचं म्हणून मी हात लावला नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "वाट लागली का काही?"

"माणसांची लागली रे."

तिने बटण दाबलं. खोका खोकला, गुरगुरला, जागा झाला. मनालीने तिथेच जमिनीवर बसून मांडीवरच्या लॅपटॉपवर रिपोर्ट ताजा केला. गोवंडीचा खांब वर चढू लागला. उंबरा ओलांडला, कंबर गाठली, मुलुंडच्या खांद्यावरून वर गेला. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तिन्ही पाळ्या भरलेल्या. रिकाम्या होत्या त्या मुलुंडच्या खुर्च्या.

लॅपटॉप तसाच उघडा घेऊन ती अनिरुद्ध सरांच्या केबिनमध्ये शिरली. त्यांनी चित्र पाहिलं, चष्मा काढला, पुसला.

"अरेच्चा. बरं झालं लक्षात आलं. पुढच्या महिन्याच्या मीटिंगला घेऊ."

"सर, टेम्पो आज गेलाय."

"निर्णय वर कळवलाय, मनाली. आता फिरवला तर कसं दिसेल? आणि हे बाहेर बोलू नकोस. रिपोर्ट तुझा आहे. तुझ्यासाठीच सांगतोय."

गोड बोलत होते. मायेने पाठीवर हात ठेवून विहिरीकडे न्यावं तसं.

"रिपोर्ट माझा, कबूल," मनाली म्हणाली. आवाज थरथरला, तिने थरथरू दिला. "पण ताई तुम्हाला तोंडाने सांगत होत्या. जिवंत बाई, जिवंत खुर्च्यांच्या मधे उभी राहून. तुम्ही तिचं ऐकलं नाहीत, चित्राचं ऐकलंत. हे मी कुठल्या टूलमध्ये दुरुस्त करू, सांगा ना?"

"आवाज खाली."

तिने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. पलीकडून मशिनांची टिकटिक ऐकू आली, कोणाचा तरी खोकला, आणि नंदाताई.

"टेम्पोवाला दारात आहे गं. हमाल आत आलेत. एकही मशीन मोकळं नाही. माणसांचं रक्त नळ्यांतून फिरतंय."

"ताई, सर इथेच आहेत. ऐकतायत."

"ऐकतायत का? बरं झालं. सर, नमस्कार. भीमराजकाकाचं मशीन आधी सोडवू, की शेजारच्या पोरीचं? तुमच्या तोंडून सांगा. मी हमालाला तसंच सांगते."

अनिरुद्ध सरांनी फोनकडे पाहिलं. मग मनालीकडे. ती जागची हलली नाही.

"टेम्पो... परत पाठवा," ते म्हणाले. "सध्यापुरता."

"सध्यापुरता?" नंदाताईंचा आवाज कडाडला. "सध्यापुरतं काय ते मला मेलवर लिहून पाठवा. मशीनं इथेच राहतील असं. आणि सगळ्यांना पाठवा, ज्यांना पहिला मेल गेला त्या सगळ्यांना. तोवर मी हमालांना चहा पाजते, हलू देत नाही. टेम्पोचं भाडं चढू दे."

सरांनी कीबोर्ड ओढला.

"मनाली," नंदाताई म्हणाल्या, "मी आभार मानणार नाही हां. जे होतं ते माझ्याकडे होतंच, तू नवं काही दिलं नाहीस."

"नकाच मानू, ताई."

"ठेवते. काकाचं मशीन ओरडायला लागलं."