नवनाथच्या जीपमधलं रडणं

उन्हं कलली की निमोण्यातली माणसं चिंचेखाली जमायची. कोणी शेळ्या दावणीला बांधून यायचं, कोणी न्हावऱ्याहून सायकल हाणत यायचं, आणि पुढंपुढं तर शिरूरहून एसटीनं माणसं येऊ लागली. सगळ्यांना ऐकायचं असायचं ते एकच, मेलेल्या माणसाचं रडणं.

रडायची ती जीप. मेलेल्याचा धाकटा भाऊ मच्छिंद्र चावी फिरवायचा, इंजिन घरघरायचं, टेपचा हिरवा दिवा लागायचा आणि मागच्या स्पीकरांतून एक बारीक, लांबट हुंदका निघायचा. मच्छिंद्रनं पाय दाबला की तो वर चढायचा, ऊर फुटल्यासारखा. पाय उचलला की खाली उतरायचा, रडून दमल्यासारखा. गाणं लावलं तरी गाण्याच्या मागं तो चालूच. जमलेल्या बायका पदर तोंडाला लावायच्या, आणि म्हातारी आक्काबाई सीटवर गाल टेकून म्हणायची, "रडू नगं रं नवनाथा. मी हाय हितं."

नवनाथ तिचा थोरला मुलगा. शिरूर ते दौंड वडापची, म्हणजे सीटमागं पैसे घेऊन पॅसेंजर नेणारी जीप चालवायचा. गाण्यांचा त्याला भारी नाद. दौंडच्या फिरोजशी त्याची जिवाभावाची दोस्ती होती. फिरोज गाड्यांना टेप बसवायचा. त्याच्याकडून नवनाथनं मागच्या सीटखाली अँप्लिफायर बसवून घेतला, जोडीला दोन लंबगोल स्पीकर. मग काय! नवनाथची जीप चौफुल्याहून निघाली की न्हावऱ्यात कळतं, अशी थट्टा लोक करायचे. दुसरी जीप रिकामी उभी असली तरी कॉलेजची पोरं त्याच्यासाठी थांबायची.

एका दुपारी न्हावऱ्याच्या अलीकडं टायर पंक्चर झालं. तो जॅक लावून खाली बसला, आणि मागून आलेल्या ट्रकनं त्याला उडवलं. जीपला ओरखडासुद्धा नाही. माणसं धावली तेव्हा तो रस्त्यावर पडला होता आणि जीपमधला टेप वाजतच होता. लोकांनी मागची सीट उपसून काढली, त्याला आडवं घातलं आणि त्याच जीपमधून शिरूरला नेलं. उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी धाकट्या मच्छिंद्रनं बादल्यांवर बादल्या ओतून जीप धुतली, सीट जागेवर बसवली आणि ती चिंचेखाली लावून टाकली. सगळा पावसाळा ती तिथंच उभी होती. दिवाळीनंतर, घर चालायचं तर जीप चालली पाहिजे म्हणून त्यानं ती बाहेर काढली. पहिल्याच फेरीला हुंदका ऐकून अर्धे पॅसेंजर वाटेतल्या आंबळ्यातच उतरले.

नवनाथची बायको माया गावच्या हायस्कूलात विज्ञान शिकवायची. ध्वनी म्हणजे कंपन, हे ती दरवर्षी फळ्यावर लिहायची. पण तिनं जीपमधला तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिनं जीपचं दार घट्ट धरलं. एकदा कोणी नसताना तीही जीपमध्ये जाऊन बसली होती. मच्छिंद्रला म्हणाली, "भाऊजी, जरा सुरू करा." आवाज निघाला. सीटखालून बारीक थरथर तिच्या हाताला लागत होती. ती कितीतरी वेळ उठली नाही. हे तिनं कोणालाच सांगितलं नाही. शाळेत शिकवलेलं एका बाजूला राहतं आणि अंगावरचा काटा एका बाजूला.

तरी एकदा ती सासूला म्हणाली होती, "आत्या, आपण धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. भुताखेताला आपल्या घरात जागा नाही."

आक्काबाईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "परतिज्ञा घेतल्या तवा माझं लेकरू जितं व्हतं."

माया उठून वह्या तपासायला बसली.

अशा घराचा वास काही लोकांना लांबून येतो. जानेवारीत पांढऱ्या व्हॅनमधून वायुनाथ महाराज आले. भगवी लुंगी, वर सफारीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. भस्म कमी आणि इंग्रजी जास्त.

"आत्मा म्हणजे काय?" त्यांनी गर्दीला विचारलं. "करंट! देह म्हणजे बल्ब. बल्ब गेला म्हणून करंट जातो का? नाही! तो फिरत राहतो. त्याला लागते फक्त फ्रिक्वेन्सी. अमेरिकेत यावर मशिनी चालल्यात, आम्ही मंत्रावर चालवतो."

"व्हय की," पोलीस पाटील भिमाजी आप्पा म्हणाले. त्यांना फ्रिक्वेन्सी म्हणजे काय ठाऊक नव्हतं, पण महाराजांना ठाऊक होतं असं त्यांना वाटलं.

महाराजांनी व्हॅन पलीकडं देवळाच्या भिंतीशी लावायला सांगितली. तिच्या काचा काळ्या. "आत आमचा शिष्य मौनात बसलाय, तिकडं कोणी फिरकू नका." मग ते जीपमध्ये बसले, इंजिन सुरू करायला लावलं आणि कॅसेट काढून टेप रेडिओवर केला. बटण फिरवत फिरवत जिथं एकही स्टेशन लागत नव्हतं, नुसती खरखर होती, तिथं थांबले. रडणं सुरूच होतं. खरखरीत ते आणखीच भेसूर वाटत होतं.

"नवनाथा, बोल!"

खरखर एकदम थांबली. मग स्पीकरांतून पुरुषाचा घोगरा, कुजबुजता आवाज आला. "आई..."

आक्काबाई किंचाळली. "बोल रं माझ्या राजा!"

"आई, मला लई थंडी वाजती. मी हितंच आडकलोय. ही जीप म्हाराजांच्या मठाला दे, तवाच मी सुटंन."

"दिली रं, दिली!"

"आन् आई... मायाला घरात ठिवू नगं. त्या दिवशी तिनंच मला पाण्यातनं कायतरी दिलं. माझी नजर फिरली म्हणून ट्रक दिसला न्हाई. माया, का गं आसं केलंस?"

गर्दीतल्या सगळ्या माना मायाकडं वळल्या. ती तशीच घराकडं चालू लागली आणि माणसं बाजूला झाली. वाट देण्यासाठी नव्हे. तिची सावली अंगावर पडू नये म्हणून.

त्या दिवसापासून आक्काबाईनं तिच्या हातचं पाणी सोडलं. नळावर बायका आपापल्या घागरी ओढून घ्यायच्या. शाळेत दोन मुलींनी डबे मायासमोर उघडायचं बंद केलं. आणि मायाच्या कानात तो आवाज राहिला. भाकरी थापताना, वह्या तपासताना यायचा. माया, का गं असं केलंस? त्या दुपारी आपण त्याला पाणी दिलं होतंच. तांब्याभर, माठातलं. ते आठवून ती दचकायची. खोटं आहे हे माहीत असूनही, आपण पाण्यात काही घातलं का, असं ती स्वतःला विचारायची. बाहेरचं भूत मनात शिरतं ते असं.

तिला सोडवलं ते एका साध्या गोष्टीनं. वर्गात एक पोरगी तिला मॅडम म्हणायच्या ऐवजी "मास्तरीन" म्हणाली आणि सगळी हसली. मायाच्या हातातला खडू थांबला. लग्न झाल्यापासून नवनाथनं तिला माया म्हणून कधी हाक मारलीच नव्हती. चारचौघांत, घरात, रागात, लाडात, एकच हाक, "मास्तरीन." आईसमोर बोलतानासुद्धा, "आमची मास्तरीन." हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक होतं. मग मेल्यावर त्याला एवढं विसरायला झालं?

म्हणजे बोलणारा नवनाथ नव्हता. ज्याला बाहेरून तिचं खरं नाव कळलं होतं, असा कोणी होता.

ती घरी येऊन मच्छिंद्रला म्हणाली, "भाऊजी, मला जीपमधून दौंडला न्या. फिरोजभाईंकडं."

"आईनं जीप म्हाराजांला कबूल केलीय, वैनी."

"कबूल केलीय, दिलेली नाही. आणि तुम्हाला खरंच वाटतं का, मी त्यांना मारलं?"

मच्छिंद्रनं चावी उचलली.

दौंडात रेल्वेखालच्या कुरकुंभ मोरीपलीकडं फिरोजचं दुकान. जीप दारात येताच तो बाहेर आला आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. दोस्त गेल्यापासून त्यानं ती पाहिली नव्हती. इंजिन चालूच होतं. रडणं ऐकून त्याचा चेहरा उतरला, पण भुताच्या भीतीनं नव्हे, आपल्या कामात बिघाड झाला म्हणून.

"वहिनी, ह्ये तर अर्थिंगचं रडणं हाय! कुणी सीट काढली व्हती का?"

मागची सीट उचलली. खाली अँप्लिफायर होता, आणि त्याची एक काळी वायर जीपच्या पत्र्याला बोल्टनं कसलेली. बोल्टभोवती तांबडा गंज चढला होता. फिरोजनं बोटानं खरवडलं तर पापुद्रे निघाले.

"पाणी गेलंय हितं. लई पाणी."

मच्छिंद्र पुटपुटला, "मीच धुतली व्हती."

कशासाठी धुतली होती, ते तिघांनाही माहीत होतं.

फिरोजनं हळूहळू समजावलं. इंजिन फिरतं तसा अल्टरनेटर वीज तयार करतो. त्या विजेत बारीक लहर असते. अर्थिंग पक्कं असलं तर ती पत्र्यातून निघून जाते. बोल्ट गंजला, वाट अडली, की ती लहर गाण्याच्या वायरीत शिरते, आणि अँप्लिफायर बिचारा गाणं मोठं करतो तशी तीही मोठी करतो. इंजिन जोरात, तर आवाज उंच. इंजिन सावकाश, तर आवाज खाली.

मायाला ते आधीच दिसायला हवं होतं. पाय दाबला की रडणं चढतं, हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. दुःख इंजिनाच्या वेगानं कमीजास्त होत नाही. पण तेव्हा तिच्यातली शिक्षिका कुठं जागेवर होती!

फिरोजनं पत्रा घासला, नवा बोल्ट कसला, गाण्याची वायर विजेच्या वायरीपासून लांबून ओढली. "मार चावी, मच्छू."

इंजिन सुरू झालं. स्पीकर गप्प. मच्छिंद्रनं पाय दाबला. गप्प.

मायाला रडूच फुटलं. इतके दिवस नको असलेला तो आवाज थांबला, आणि नवनाथ आत्ता गेला असं तिला वाटलं. फिरोज पाठ करून हत्यारं पुसत राहिला.

"मग बोलणं?" मच्छिंद्रनं विचारलं. "शब्द आले की. ते गंजातनं आले का?"

उत्तर मायानंच दिलं. डोळे पुसताना तिला शाळेचं स्नेहसंमेलन आठवलं होतं. कॉर्डलेस माइकवरून हेडसरांनी केलेलं भाषण शेजारच्या टपरीतल्या रेडिओवर ऐकू आलं होतं, आणि टपरीवाला तक्रार करायला आला होता. "महाराजांनी टेप रेडिओवर केला, भाऊजी. जिथं स्टेशन नाही तिथं. आणि व्हॅन लांब उभी केली, काळ्या काचांची."

फिरोजनं मान हलवली. "यात्रेत मिळतो तसला माइक. शंभर पावलांच्या आत कुठलाबी एफएम धरतो."

ठरल्या दिवशी वायुनाथ महाराज जीप न्यायला आले. चिंचेखाली पाय ठेवायला जागा नव्हती. मच्छिंद्रनं चावी फिरवली. जीप रडेना. गर्दीत चुळबुळ झाली.

महाराज क्षणभर गडबडले, पण सावरले. "बघितलंत? काल ध्यानात मी त्याचं रडणं शोषून घेतलं. अजून माझ्या छातीत दुखतंय!"

"तुम्ही शोषलं?" माया पुढं आली. "रडणं परवा थांबलं, महाराज, दौंडला फिरोजभाईंच्या दुकानात. हा त्यातला बोल्ट." गंजका बोल्ट तिनं भिमाजी आप्पांच्या तळहातावर ठेवला.

"बाई अशुद्ध आहे, हिला लांब करा!" महाराज गरजले आणि त्यांनी घाईनं रेडिओचं बटण फिरवलं. "नवनाथा, तूच सांग!"

"आई..." स्पीकर बोलला. "मायाचं ऐकू नगं..."

"आप्पा, तुमचा रेडिओ काढा," माया म्हणाली. भिमाजी आप्पा बातम्यांसाठी छोटा रेडिओ खिशात ठेवायचे. त्यांनी तो काढला. मायानं जीपच्या टेपवरचा आकडा पाहून काटा तिथं नेला. आप्पांच्या हातातूनही नवनाथ बोलू लागला. "मला थंडी वाजती, आई..."

आप्पांनी रेडिओ हातभर लांब धरला. "आयला! ह्यो माझ्या खिशात कवा शिरला?"

कोणीतरी हसलं. माया थांबली नाही. ती गर्दीतून देवळाकडं चालत गेली, आणि या खेपेला मच्छिंद्र तिच्याबरोबर होता. तिनं व्हॅनचं दार ओढलं. ते सरकल्याचा खडखडाट जीपच्या स्पीकरांतून सगळ्या गावानं ऐकला. पाठोपाठ त्याच घोगऱ्या आवाजात, "ओ बाई, दार लावा, कार्यक्रम चालू आहे!"

स्पीकरांत थोडी झटापट झाली, आणि मग एक बाई बोलू लागली.

"आत्या, मी माया बोलतेय. देवळापाशी उभी आहे. माझ्या हातात माइक आहे. मी मेलेली नाही, आणि माझा आवाज जीपमधून येतोय. तसाच याचाही येत होता. आत्या, ते नाहीत. ते कुठंच अडकलेले नाहीत. त्यांना थंडी वाजत नाहीये."

शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फाटला. लंबगोल स्पीकरांनी तो जसाच्या तसा मोठा करून सगळ्या निमोण्याला ऐकवला.

महाराज सटकायला निघाले होते. आप्पांनी त्यांची लुंगी धरली. "बसा म्हाराज. शिरूरहून पोलीस येस्तवर तुमचा करंट जरा हितंच राहू द्या."

आक्काबाई जीपमध्ये बसून होती. माया परत आली तेव्हा सासूनं विचारलं, "बोलणं ह्या मेल्याचं व्हतं, कळलं. पर रडणं? रडणं तरी त्याचंच व्हतं ना गं?"

हो म्हणणं सोपं होतं. मायानं खाली बसून म्हातारीचे दोन्ही हात धरले. "नाही, आत्या. आपण जीप धुतली त्याचं पाणी बोल्टात शिरलं. गंज चढला. तेवढंच."

आक्काबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मला पाणी दी."

पोलिसांनी महाराजांना समज देऊन सोडलं. अशी माणसं कुठं एका गावावर थांबतात? महिनाभरात बातमी आली की मांडवगण फराट्यात पार्वतीबाई नावाच्या बाईचा पोरगा विहिरीत बुडून गेला आहे, आणि पांढरी व्हॅन तिच्या दारात उभी आहे. माया शाळेत होती. आक्काबाई कोणालाच न विचारता मच्छिंद्रच्या जीपमध्ये जाऊन बसली. "चल," म्हणाली.

तिथंही गर्दी होती, रेडिओ होता, खरखर होती. आक्काबाई गर्दीतून वाट काढत पार्वतीबाईच्या शेजारी जाऊन टेकली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"बाई, माझाबी पोरगा गेला. ह्यानं त्याला बोलता केला तवा मला लई बरं वाटलं व्हतं, खोटं कशाला सांगू? पर त्या बोलण्यापायी मी माझ्या जित्या सुनंला लाथाडलं. मेल्याला आणायची इद्या कुणाकडंच न्हाई गं. म्हणून कुणी आवाज ऐकवला, तर रडायच्या आधी येवढंच इचार, ह्यो आवाज येतोय कुठनं?"

पार्वतीबाईनं डोळ्यांवरचा पदर काढला आणि पहिल्यांदाच वळून त्या काळ्या काचांच्या व्हॅनकडं बघितलं.