विभागाच्या पानावरची पोस्ट

वसतिगृहात तिला सगळे 'सूचनाफलक' म्हणायचे. परीक्षेचं वेळापत्रक, ग्रंथालयाच्या वेळा, हरवलेल्या छत्र्या, सगळं विभागाच्या इन्स्टाग्राम पानावर बहुतेक तीच टाकायची. एकाच मोबाइलवर दोन खाती, एक तिचं, एक विभागाचं. त्या दुपारी घोटाळा झालाच.

"अगं, हे कुठे टाकलंस?" खोलीतली मैत्रीण चष्मिश किंचाळली.

वर विभागाचं बोधचिन्ह आणि खाली: 'महिना झाला, सकाळी उठून दात घासायचंही जिवावर येतं. वर्गात हसते ती मी नव्हेच.'

सूचनाफलकाचा चेहरा पांढराफटक पडला. "मेले! मला माझ्या खात्यावर, मोजक्या मैत्रिणींपुरतं टाकायचं होतं."

तेवढ्यात विभागप्रमुख मॅडमचा फोन. "खातं तुम्ही चौघं चालवता. कोणी लिहिलं ते मी विचारत नाही. आत्ता काढलंत तर कुणाचंच नाव येणार नाही."

चष्मिशच्या जिवात जीव आला. "सुटलीस! काढ पटकन. तुझा आतेभाऊ याच वर्गात आहे. बाबांना कळलं तर शिक्षण सोडवून घरी नेतील."

सूचनाफलकाचा अंगठा स्क्रीनवर गेला आणि तिथेच थांबला.

"आता काय मुहूर्त बघतेस?"

"खाली वाच."

खाली हॉकी संघातल्या आडदांड गोलकीपरने लिहिलं होतं, 'मीसुद्धा. घरी बोललेलो नाही.' दर वर्षी पहिली येणारी म्हणत होती, 'वाटायचं, मी एकटीच.' कुणी समुपदेशक कुठे बसतात ते विचारलं होतं. त्याला उत्तरही आलं होतं, 'जिन्यालगतची खोली. मी जाते. सोबत येऊ?'

"पोस्ट गेली की हे सगळंही पुसलं जाईल," सूचनाफलक म्हणाली. "त्या गोलकीपरला पुन्हा लिही म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?"

"आणि तुझं काय?"

ती स्वतःच्या खात्यावर गेली, या वेळी दोनदा खात्री करून, आणि पोस्टखाली लिहिलं, 'हे मी लिहिलंय. इथे चुकून आलं, पण खरं आहे. म्हणून ठेवतेय.' मॅडमनाही तेच कळवलं. शुद्धलेखनाची एक चूक नाही. चष्मिश बघतच राहिली. महिनाभर जिला आपण रोज आळशी म्हणून चिडवलं, तीच का ही?

मग सूचनाफलकाने फोन कानाला लावला.

"कुणाला?"

"आतेभावाआधी मीच सांगते."

चष्मिश तिच्या पलंगावर, अगदी खेटून बसली.

"बाबा, कामात आहात का? नाही, पैसे नकोत. जरा खाली बसा आणि मध्ये न बोलता ऐका."