कुंपणाच्या कडेने

"ज्यांना हसायचं असेल त्यांनी बाहेर जाऊन हसून यावं," सुनीती मॅडम शांतपणे म्हणाल्या. "गोटीराम, तुम्ही वाचा पुढे."

गोटीरामने पुन्हा पुस्तकात मान घातली. चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कविता होती. हिरव्या टेकडीवर झाडाखाली बसून एक मेंढपाळ आपल्या प्रेयसीसाठी दिवसभर पावा वाजवतो, एवढाच विषय. गोटीरामचं इंग्रजी गावाकडच्या मराठी शाळेत सुरू झालेलं. 'श' आणि 'स' यांची त्याच्या तोंडात अजून अदलाबदल होई, आणि एम.ए.च्या वर्गातल्या कॉन्व्हेंटच्या मुलींना ते ऐकून हसू आवरत नसे. तरी त्याने कविता शेवटपर्यंत वाचली.

काही विचारायचं आहे का, असं मॅडमनी सवयीने विचारलं, तेव्हा तो उठून उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, हा दिवसभर पावा वाजवत बसलाय. मग ह्या मेंढ्या कुणाच्या? त्याच्या की मालकाच्या?"

वर्ग पुन्हा हसला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्या त्याला ग्रंथालयात घेऊन गेल्या आणि त्या काळच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक स्वतःच्या नावावर काढून त्याच्या हातात ठेवलं. हे परीक्षेला नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात सापडेल, एवढंच म्हणाल्या.

सारसोळ्याचा गोटीराम हा त्या गावातून एम.ए.ला गेलेला पहिलाच मुलगा. बाप शिवराम खाडीत पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून मासे धरायचा आणि पावसाळ्यात भात लावायचा. नव्या शहरासाठी त्याची खाचरं गेली, त्याला काही वर्षं झाली होती. आधी मोजणीच्या खुंट्या ठोकल्या गेल्या, मग बरेच दिवस काहीच घडलं नाही, आणि आता एक्क्याऐंशी साली तिथे इमारतींचे पाये खणायला सुरुवात झाली होती. गोटीराम रोज हमरस्त्यापर्यंत चालत जाई, खाडीपुलावरून जाणारी बस पकडी आणि संध्याकाळी त्याच वाटेने, पायांवर डंपरची धूळ घेऊन, घरी येई.

ते पुस्तक त्याने ओटीवर बसून वाचलं. लोकरीला भाव आला तसे जमीनदारांनी गावची सामाईक कुरणं आणि शेतं कुंपण घालून बंद केली होती. जिथे माणसं नांगरत होती तिथे मेंढ्या सोडल्या. गावंच्या गावं ओस पडली. आणि त्याच सुमारास शहरातले कवी मेंढपाळांची गोड गाणी लिहीत होते. वाचताना गोटीराम मधेच थांबून समोर बघत राही.

शिवराम तिथेच पागाचे फाटलेले डोळे विणत बसलेला असे. एकदा त्याने विचारलं, इतकं काय लिहिलंय त्यात? गोटीरामने जमेल तसं सगळं सांगितलं. शिवरामचे हात चालू होते, पण तो नीट ऐकत होता.

"मंग ती मानसा गेली कुठं?" त्याने विचारलं.

काही शहरात गेली, गोटीरामने सांगितलं. कामं मिळाली नाहीत, तेव्हा रस्त्याने भीक मागत हिंडली, आणि भीक मागतात म्हणून त्यांना फटके मारले. काहींनी कुंपणं उपटली. त्यातले काही फासावर गेले.

शिवरामने सुईवर नवा दोरा गुंडाळला. मग म्हणाला, "आनि गाना लिवला ता बरा हाय?"

गोटीरामला खोटं बोलता आलं नसतं. "बरा हाय बाबा. लय बरा हाय."

"मंग वाच की."

गोटीरामने ती मेंढपाळाची कविता मोठ्याने वाचली. इथे हसायला कुणी नव्हतं. शिवरामला त्यातला एकही शब्द कळत नव्हता, पण त्याने सुई खाली ठेवली आणि डोळे मिटून घेतले. कविता संपल्यावर म्हणाला, "भरती येते ना, तशी वाटते."

त्यानंतर गोटीराम अभ्यासाच्या कविता बापाला वाचून दाखवू लागला. सुनीती मॅडमना त्याने हे सांगितलं नाही. पण मेंढपाळांची गाणी आणि कुंपणं या विषयावर त्याने लिहिलेला निबंध त्यांनी वर्गात वाचून दाखवला. पहिला वर्ग मिळाला तर याच विषयावर पुढे संशोधन करा, मी मार्गदर्शन करीन, असं त्या म्हणाल्या. त्या दिवशी गोटीराम घरी आला तो अक्षरशः तरंगतच.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा दोन महिन्यांवर आली आणि शिवरामला कचेरीतून बोलावणं आलं. जमीन गेलेल्या घरातल्या एकाला बांधकामावर नोकरी मिळणार होती. त्यासाठी शिवरामने कितीतरी खेटे घातले होते. मुलगा शिकलेला आहे म्हटल्यावर साहेबाने त्याला स्टोअरमध्ये कारकून म्हणून घ्यायचं कबूल केलं. मात्र सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या घराला जाईल.

गोटीरामची आई बयाबाई देवापुढे दिवा लावून आली. तिला वाटलं, सुटलो एकदाचे. गोटीराम म्हणाला की तो जाईल. परीक्षा पुढच्या वर्षी देता येईल. असं म्हणताना त्याने कुणाकडेच पाहिलं नाही, आणि पुढच्या वर्षीही त्याच्याकडून ती दिली जाणार नाही हे तिघांनाही कळत होतं.

शिवराम जेवून उठला, हात धुऊन आला आणि म्हणाला, "नोकरी घरातल्या एकाला हाय ना? मंग मी काय घराभायेरचा हाय?"

बयाबाई म्हणाली की तुम्हाला लिहितावाचता येत नाही, कारकुनी कोण देईल? कारकुनी नाही देणार, शिवराम म्हणाला, वॉचमन तरी ठेवतील. आपण साहेबाला विचारून आलोय. गोटीराम उठून उभा राहिला. हे नको, तुझं वय झालंय, दिवसभर उन्हात कसा उभा राहशील तू, असं बरंच काही बोलला. शिवरामने ते सगळं ऐकून घेतलं.

"तुजा वाचून झाला नाय अजून," तो म्हणाला आणि पाग उचलून आत ठेवून आला.

बयाबाई दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. पण खाकी गणवेश आला तो कमरेत फार सैल होता, आणि तिनेच तो उसवून बेताचा करून दिला.

गोटीरामने परीक्षा दिली. निकाल लागला त्या दिवशी सुनीती मॅडमनी स्वतः त्याचा हात हातात घेतला. पहिला वर्ग होता. तो हमरस्त्यावर बसमधून उतरला आणि घरी न जाता सरळ बांधकामाकडे गेला. बापाला कामावर असताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. शिवरामनेच त्याला तिकडे फिरकू दिलं नव्हतं.

खाचरांच्या जागेभोवती आता काटेरी तारा होत्या. फाटकाशी शिवराम उभा होता. त्याच्यासमोर वेणूबाई होती, शेजारच्या घरातली म्हातारी, डोक्यावर चिंबोऱ्यांची, खाडीतल्या खेकड्यांची, ओली पाटी घेऊन. खाडीवरून हमरस्त्याला जायची वाट याच खाचरांच्या बांधावरून होती. तिचं सगळं आयुष्य त्या वाटेने गेलं होतं.

"जाऊ दे रं शिवराम. तुजाच बांध हाय."

"नाय वेनूबाय," शिवराम म्हणाला. "आता नाय सोडता येत."

 तारांच्या कडेकडेने जाणाऱ्या लांबच्या वाटेकडे तिने पाहिलं, आणि तिची मान पाटीखाली थोडी लवली.

तेवढ्यात शिवरामला मुलगा दिसला. गोटीरामने सांगितलं. पहिला वर्ग, बाबा. शिवरामने मान हलवली, दोनदा.  मग त्याने टोपी काढून गोटीरामच्या हातात दिली आणि म्हणाला, "जरा हिथं उभा ऱ्हा."

त्याने वेणूबाईच्या डोक्यावरची पाटी उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतली. पाटीतलं पाणी त्याच्या खाकी सदऱ्यावर ओघळलं. दोघं कुंपणाच्या कडेने चालू लागली.

थोड्या वेळाने विटांचा ट्रक आला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. गोटीरामने फाटक उघडलं, ट्रक आत जाऊ दिला, पुन्हा लावून घेतलं. मग टोपी हातात धरून तो तारांपलीकडे पाहत उभा राहिला. ती दोघं अजून वळणापर्यंतही पोचली नव्हती. वेणूबाई पुढे चालत होती, मोकळ्या डोक्याने, आणि मागून शिवराम, पाटी सांभाळत, सावकाश.